पॉल साबात्ये

पॉल साबात्ये (जन्म : ५ नोव्हेंबर १८५४, कारकासोन, मृत्यू : १४ ऑगस्ट १९४१, तूलूझ) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होते. कार्बनी (सेंद्रिय) रसायनशास्त्रातील उत्प्रेरण हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता. निकेलसारख्या धातूच्या बारीक चूर्णाच्या सान्निध्यात कार्बनी संयुगांचा हायड्रोजनाशी थेट संयोग घडवून आणण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. या कार्याबद्दल त्यांना १९१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक व्हिक्तोर ग्रिन्यार यांच्यासमवेत विभागून देण्यात आले.

उत्प्रेरक म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा, परंतु अभिक्रियेअखेर स्वतः खर्च न होता शिल्लक राहणारा पदार्थ. साबात्ये यांच्या आधी काही दशके ही संकल्पना रसायनशास्त्रज्ञांना परिचित होती. मात्र उत्प्रेरक हे कार्य कसा पार पाडतो, याविषयी समाधानकारक स्पष्टीकरण नव्हते. उत्प्रेरक अभिक्रियेत प्रत्यक्ष भाग घेतो आणि अभिकारकाशी अल्पकाळ टिकणारे संयुग बनवतो, असे साबात्ये यांनी आग्रहाने मांडले. त्यांच्या प्रयोगांतून स्वस्त धातूंवर आधारलेली एक मोठी उद्योगशाखा उभी राहिली, तर त्यांच्या उपपत्तीतून पृष्ठभागावरील उत्प्रेरणाच्या आधुनिक अभ्यासाला दिशा मिळाली.

बालपण आणि शिक्षण

साबात्ये यांचा जन्म दक्षिण फ्रान्समधील कारकासोन या तटबंदीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी झाला. त्यांचे शालेय शिक्षण कारकासोन व तूलूझ येथे झाले. १८७४ साली त्यांनी पॅरिसच्या एकोल नॉर्माल स्युपेरियर या संस्थेत प्रवेश घेतला. भावी प्राध्यापक घडवणारी ही संस्था फ्रान्समध्ये अत्यंत प्रतिष्ठेची मानली जाई. १८७७ साली तेथील अभ्यासक्रम त्यांनी प्रथम क्रमांकाने पूर्ण केला.

त्यानंतर एक वर्ष त्यांनी नीम येथील शाळेत अध्यापन केले. १८७८ मध्ये ते पॅरिसला परतले आणि कोलेज द फ्रान्समध्ये मार्सलँ बर्तलो यांचे साहाय्यक झाले. बर्तलो हे त्या काळच्या फ्रेंच रसायनशास्त्रातील सर्वांत प्रभावशाली नाव होते. अभिक्रियांत निर्माण होणाऱ्या वा शोषल्या जाणाऱ्या उष्णतेचे मापन, म्हणजे ऊष्मारसायनशास्त्र, हे त्यांचे आवडते क्षेत्र होते. साबात्ये यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली धातूंच्या सल्फाइडांचा ऊष्मारासायनिक अभ्यास केला आणि १८८० मध्ये डॉक्टरेट मिळवली.

पॅरिसहून तूलूझकडे

डॉक्टरेटनंतर साबात्ये पॅरिसमध्ये राहिले नाहीत. सुमारे एक वर्ष बोर्दो येथे काम करून १८८२ च्या आरंभी ते तूलूझच्या विज्ञान विद्याशाखेत रुजू झाले. तेथे त्यांनी प्रथम भौतिकशास्त्र शिकवले. १८८४ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते तेथेच रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत त्यांनी तूलूझ सोडले नाही.

या निर्णयाचे महत्त्व समजण्यासाठी तत्कालीन फ्रान्सची विद्याव्यवस्था लक्षात घ्यावी लागते. उत्तम प्रयोगशाळा, संशोधनासाठी निधी, अकादमीचे सदस्यत्व आणि लौकिक हे सारे पॅरिसमध्ये एकवटलेले होते. प्रांतातील विद्यापीठात काही वर्षे काढून राजधानीत परतणे हा महत्त्वाकांक्षी प्राध्यापकाचा नेहमीचा मार्ग होता. विज्ञान अकादमीच्या पूर्ण सदस्यत्वासाठी तर पॅरिसमध्ये वास्तव्य असणे आवश्यक असे. साबात्ये यांनी या रूढ मार्गाने जाण्याचे नाकारले.

तूलूझमधील पहिल्या दहा-बारा वर्षांत त्यांचे संशोधन प्रामुख्याने अकार्बनी रसायनशास्त्रात होते. सल्फाइडे, क्लोराइडे, क्रोमेटे व तांब्याची संयुगे यांवर त्यांनी काम केले. १८९० साली त्यांचे कृषिरसायनशास्त्रावरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. हे सारे काम नेटके होते. परंतु पुढे ते ज्या क्षेत्रात नाव कमावणार होते, त्याचा मागमूस त्यात नव्हता.

निकेलपर्यंतची वाट

या वळणाचा आरंभ इंग्लंडमधील एका शोधातून झाला. १८९० साली लुडविग मॉन्ड व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की कार्बन मोनॉक्साइड हा वायू निकेलशी संयोग पावून निकेल कार्बोनिल नावाचे सहज बाष्पीभवन होणारे संयुग बनवतो. घन धातू आणि वायू यांचा असा संयोग रसायनशास्त्रज्ञांना अगदी अनपेक्षित होता.

साबात्ये यांनी यावरून पुढचा विचार केला. कार्बन मोनॉक्साइड हे असंपृक्त संयुग आहे, म्हणजे आणखी अणू सामावून घेण्याची क्षमता त्यात शिल्लक असते. तसे असेल, तर इतर असंपृक्त वायूही धातूंशी संयोग पावले पाहिजेत. सहकारी झां-बाप्तिस्त सांदरां यांच्यासह त्यांनी प्रथम नायट्रोजनाच्या ऑक्साइडांवर प्रयोग केले आणि तांब्यासारख्या धातूंवर नायट्रोजन डायऑक्साइड बसवता येतो, असे १८९० च्या दशकाच्या पूर्वार्धात नोंदवले. त्यानंतर इथिलीन व ॲसिटिलीन हे असंपृक्त हायड्रोकार्बन वायू त्यांना खुणावू लागले.

तेवढ्यात १८९६ मध्ये आंरी म्वासां व शार्ल मूर्यू यांनी पॅरिसमध्ये याच धर्तीचा प्रयोग केल्याचे त्यांना समजले. ताज्या क्षपण केलेल्या निकेल, कोबाल्ट वा लोखंडाच्या चूर्णावरून ॲसिटिलीन सोडले असता धातू तापून लखलखतो आणि वायूचे विघटन होऊन कार्बन मागे राहतो, असे त्यांना दिसले होते. बाहेर पडणारा वायू मुख्यतः हायड्रोजन असल्याचे त्यांनी मानले आणि ही घटना धातूच्या सच्छिद्रतेमुळे घडणारी भौतिक घटना ठरवली.

साबात्ये यांना हा खुलासा पटला नाही. तथापि, दुसऱ्याच्या क्षेत्रात परस्पर शिरण्याऐवजी, हे संशोधन आपण पुढे नेणार आहात काय, अशी त्यांनी म्वासां यांच्याकडे चौकशी केली. तसा इरादा नसल्याचे कळल्यावरच त्यांनी काम हाती घेतले.

१८९७ चा प्रयोग

साबात्ये व सांदरां यांनी ॲसिटिलिनाऐवजी कमी उग्र असलेला इथिलीन वायू निवडला आणि तो सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेल्या निकेल-चूर्णावरून सोडला. अपेक्षेप्रमाणे कार्बनाचा थर जमला. त्यानंतर बाहेर पडलेल्या वायूचे त्यांनी विश्लेषण केले. त्यात केवळ हायड्रोजन नव्हता. मोठा वाटा इथेन वायूचा होता.

या निरीक्षणातच पुढील सर्व संशोधनाचे बीज होते. इथेनच्या रेणूत इथिलीनपेक्षा हायड्रोजनाचे दोन अणू अधिक असतात. म्हणजे काही इथिलिनाचे विघटन होऊन जो हायड्रोजन सुटला, तो उरलेल्या इथिलिनाशी जोडला गेला होता, आणि ही जोडणी निकेलने घडवली होती. मग विघटनाचा खटाटोप हवाच कशाला? इथिलीन व हायड्रोजन यांचे मिश्रण सरळ निकेलवरून सोडले तर?

१८९७ मध्ये त्यांनी हा प्रयोग केला आणि ३० ते ४५ अंश सेल्सिअस इतक्या अल्प तापमानालाच इथेन तयार झाला. तेच निकेल पुन्हा पुन्हा वापरता येत होते. हायड्रोजन जोडण्यासाठी प्लॅटिनमच्या चूर्णाचा उपयोग काही संशोधकांनी याआधी केला होता. परंतु प्लॅटिनम महाग होते आणि ते प्रयोग तुरळक राहिले होते. निकेल हा स्वस्त, सहज मिळणारा धातू होता.

पद्धत आणि तिचा विस्तार

साबात्ये यांची उपकरणे साधी होती. काचेच्या नळीत निकेल ऑक्साइड पसरायचे, नळी सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवून तिच्यातून हायड्रोजन सोडायचा आणि ऑक्साइडचे क्षपण करून धातूचे अतिसूक्ष्म चूर्ण मिळवायचे. मग त्याच नळीतून हायड्रोजन व अभ्यासावयाच्या पदार्थाची वाफ एकत्र न्यायची आणि पलीकडे जे मिळेल ते थंड करून तपासायचे.

खरी कसोटी शुद्धतेची होती. गंधक, क्लोरीन वा ब्रोमीन यांचा लवलेश जरी वायूत किंवा पदार्थात असला, तरी निकेल निष्क्रिय होई. अशा द्रव्यांना उत्प्रेरकाची विषे म्हणतात. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या बेंझीनमध्ये थायोफीन हे गंधकयुक्त संयुग असते; ते काढून टाकल्याशिवाय प्रयोग यशस्वी होत नसे. निकेल जास्त तापमानाला तयार केले तर त्याची क्षमता घटे. कमी तापमानाला तयार केलेले निकेल हवेत आणताच पेट घेई. त्यामुळे प्रत्येक पदार्थासाठी योग्य तापमान चिकाटीने शोधावे लागे.

१९०१ मध्ये त्यांनी बेंझिनाचे हायड्रोजनीकरण केल्याचे प्रसिद्ध केले. बेंझिनाचे कडे अत्यंत स्थिर असते आणि त्यावर हायड्रोजन चढवण्याचे पूर्वीचे उपाय उग्र व अपुरे होते. साबात्ये व सांदरां यांनी बेंझिनाची वाफ सुमारे १८० ते २०० अंशांना निकेलवरून हायड्रोजनासह नेली आणि सायक्लोहेक्झेन मिळवले. याच रीतीने फिनॉलपासून सायक्लोहेक्झॅनॉल, नायट्रोबेंझिनापासून ॲनिलीन, तर आल्डिहाइडे व कीटोने यांपासून अल्कोहोले तयार झाली.

१९०२ मध्ये त्यांनी कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डायऑक्साइड यांचे निकेलच्या साहाय्याने मिथेनमध्ये रूपांतर केले. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आणि हायड्रोजनाचे चार रेणू यांपासून मिथेनचा एक व पाण्याचे दोन रेणू मिळतात. ही अभिक्रिया आज साबात्ये अभिक्रिया म्हणून ओळखली जाते.

पुढे त्यांनी उलट दिशेचाही अभ्यास केला. १९०३ च्या सुमारास त्यांना आढळले, की तापवलेल्या तांब्याच्या चूर्णावरून अल्कोहोलाची वाफ नेली तर त्यातील हायड्रोजन निघून जातो. त्यानंतर आल्फाँस माइल या सहकाऱ्यासह त्यांनी धातूंच्या ऑक्साइडांवर काम केले. इथिल अल्कोहोल तांब्यावरून नेले की ॲसिटाल्डिहाइड व हायड्रोजन मिळतो. तेच थोरियम ऑक्साइडवरून नेले की इथिलीन व पाणी मिळते. पदार्थ एकच, पण उत्प्रेरक बदलताच निष्पत्ती बदलते, ही गोष्ट साबात्ये यांच्या दृष्टीने निर्णायक होती. याच काळात रशियात व्लादिमीर इपातिएफ हेही अल्कोहोलांच्या उत्प्रेरित विघटनावर व उच्च दाबाखालील हायड्रोजनीकरणावर स्वतंत्रपणे संशोधन करीत होते.

उत्प्रेरणाची उपपत्ती

त्या काळी घन उत्प्रेरकाच्या कार्याचे स्पष्टीकरण बहुधा भौतिक स्वरूपाचे दिले जाई. सच्छिद्र धातूच्या पोकळ्यांत वायू दाबले जातात, त्यांची तीव्रता व तापमान वाढते आणि म्हणून अभिक्रिया शीघ्र होते, असे मानले जाई. उत्प्रेरणाच्या अभ्यासाबद्दल १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे व्हिल्हेल्म ऑस्टव्हाल्ड हेदेखील मध्यवर्ती संयुगांच्या कल्पनेबाबत साशंक होते.

साबात्ये यांचा प्रश्न सरळ होता. केवळ सच्छिद्रता हे कारण असेल, तर तांबे आणि थोरियम ऑक्साइड एकाच अल्कोहोलापासून वेगवेगळे पदार्थ का देतात? ज्या अर्थी निवड होते, त्या अर्थी उत्प्रेरक व अभिकारक यांच्यात रासायनिक संबंध असला पाहिजे. त्यांच्या मते निकेल हायड्रोजनाशी संयोग पावून अस्थिर हायड्राइड बनवते, हे हायड्राइड आपला हायड्रोजन इथिलिनाला देते आणि मोकळे झालेले निकेल पुन्हा नवा हायड्रोजन घेते.

या विचारात एक महत्त्वाची अट होती. मध्यवर्ती संयुग सहज बनले पाहिजे आणि तितक्याच सहजतेने मोडले पाहिजे. बंध फार सैल असेल तर अभिकारक उत्प्रेरकावर टिकणार नाही. फार घट्ट असेल तर तो सुटणार नाही आणि उत्प्रेरक अडकून पडेल. हे सूत्र आज साबात्ये तत्त्व म्हणून ओळखले जाते आणि नवे उत्प्रेरक शोधताना त्याचा आधार घेतला जातो.

साबात्ये यांनी कल्पिलेली हायड्राइडे जशीच्या तशी पुढे सिद्ध झाली नाहीत. अभिक्रिया धातूच्या पृष्ठभागावरील अणूंवर घडते आणि तेथे हायड्रोजनाचे अणू रासायनिक बंधांनी धरले जातात, असे चित्र अर्व्हिंग लँगम्यूर यांच्या अधिशोषणाच्या अभ्यासातून आणि १९३४ मध्ये होरिउटी व पोलानी यांनी मांडलेल्या क्रियाविधीतून स्पष्ट झाले. उत्प्रेरक हा अभिक्रियेतील सहभागी घटक असतो, हा साबात्ये यांच्या उपपत्तीचा गाभा मात्र टिकून राहिला.

आपले विवेचन त्यांनी १९१३ साली फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झालेल्या, कार्बनी रसायनशास्त्रातील उत्प्रेरणावरील ग्रंथात एकत्र केले. १९२० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली आणि १९२२ मध्ये एमेट रीड यांनी केलेले इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले.

सांदरां यांचा वाटा

झां-बाप्तिस्त सांदरां (१८५६–१९३७) हे कॅथलिक धर्मगुरू होते आणि तूलूझच्या कॅथलिक संस्थेत रसायनशास्त्र शिकवीत. हायड्रोजनीकरणाच्या पायाभूत शोधनिबंधांवर साबात्ये व सांदरां या दोघांचीही नावे आहेत. १९०५ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने आपले झेकेर पारितोषिक या दोघांना दिले होते. पुढे त्यांचे सहकार्य थांबले आणि सांदरां यांनी अल्कोहोलांपासून ईथरे बनवण्यावर स्वतंत्र संशोधन केले.

१९१२ च्या नोबेल पारितोषिकात सांदरां यांचा समावेश झाला नाही. साबात्ये यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात त्यांच्या सहकार्याचा उल्लेख केला. तथापि श्रेयाच्या या वाटणीविषयी विज्ञानाच्या इतिहासकारांत आजही चर्चा होते. सहविजेते ग्रिन्यार यांच्या बाबतीतही असाच प्रश्न उभा राहिला, कारण मॅग्नेशियमच्या ज्या अभिक्रियेवरून त्यांचे कार्य सुरू झाले, ती प्रथम त्यांचे गुरू फिलीप बार्बिए यांनी हाताळली होती.

नोबेल पारितोषिक आणि तूलूझची निष्ठा

१९०७ साली फेब्रुवारीत म्वासां व मार्चमध्ये बर्तलो यांचे निधन झाले. पॅरिसमधील दोन अत्यंत मानाची अध्यासने रिकामी झाली आणि साबात्ये यांना तेथे येण्याविषयी विचारणा झाली. त्यांनी नकार दिला. १९०५ पासून ते तूलूझच्या विज्ञान विद्याशाखेचे अधिष्ठाता होते आणि ही जबाबदारी त्यांनी १९२९ पर्यंत सांभाळली. त्यांच्या काळात तेथे रसायनशास्त्र (१९०६), विद्युत्‌तंत्र (१९०७) व कृषी (१९०९) या विषयांच्या संस्था स्थापन झाल्या.

१९१२ च्या नोबेल पारितोषिकाचे दोन्ही मानकरी पॅरिसबाहेरचे होते; ग्रिन्यार तेव्हा नान्सी येथे प्राध्यापक होते. पुढच्याच वर्षी विज्ञान अकादमीने पॅरिसबाहेर राहणाऱ्या वैज्ञानिकांसाठी स्वतंत्र जागा निर्माण केल्या आणि त्यांवर निवडून आलेले पहिले सदस्य साबात्ये हे होते. ज्या नियमामुळे प्रांतातील विद्वान दूर ठेवले जात, तो नियम राजधानीला बदलावा लागला. त्यांना रॉयल सोसायटीचे डेव्ही पदक (१९१५) व अमेरिकेतील फ्रँकलिन पदक (१९३३) हे सन्मानही मिळाले.

उद्योगातील उपयोग

साबात्ये यांचे प्रयोग मुख्यतः वाफेच्या रूपातील पदार्थांवर होते. तेलांची अशी वाफ करता येत नाही. १९०२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म नोर्मान यांनी द्रवरूप तेलात निकेलचे चूर्ण मिसळून त्यातून हायड्रोजन सोडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यामुळे पातळ वनस्पती तेलाचे घट्ट स्निग्ध पदार्थात रूपांतर करता येऊ लागले आणि साबण, मेणबत्त्या व खाद्य स्निग्धांच्या उद्योगात क्रांती झाली. पद्धतीचा वैज्ञानिक पाया तूलूझमध्ये घातला गेला असला, तरी तिचा मोठा आर्थिक लाभ इतरांनी मिळवला.

भारतात हे तंत्र वनस्पती तुपाच्या रूपाने आले. १९३१ साली हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली आणि १९३२ मध्ये मुंबईत शिवडी येथे उत्पादन सुरू झाले. तिचे डालडा हे उत्पादन इतके घरोघरी पोहोचले, की मराठीत डालडा हा वनस्पती तुपासाठी सामान्य शब्द बनला. तेलाचे अर्धवट हायड्रोजनीकरण होताना ट्रान्स मेद तयार होतात आणि ते हृदयरोगाचा धोका वाढवतात, हे पुढे संशोधनातून स्पष्ट झाले. भारतात जानेवारी २०२२ पासून तेले व स्निग्ध पदार्थांतील औद्योगिक ट्रान्स मेदांवर २ टक्क्यांची मर्यादा आहे.

बेंझिनापासून मिळणारे सायक्लोहेक्झेन हे नायलॉनच्या निर्मितीतील महत्त्वाचे कच्चे द्रव्य आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१० मध्ये साबात्ये अभिक्रियेवर चालणारी यंत्रणा बसवण्यात आली. अंतराळवीरांच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि प्राणवायू बनवताना उरणारा हायड्रोजन यांपासून तिच्यात पाणी मिळवले जाई. मंगळाच्या वातावरणातील कार्बन डायऑक्साइडपासून इंधन बनवण्याच्या योजनाही याच अभिक्रियेवर आधारलेल्या आहेत.

व्यक्तिगत जीवन आणि अखेर

साबात्ये यांना चार मुली होत्या. त्यांच्या पत्नीचे १८९८ मध्ये, म्हणजे हायड्रोजनीकरणाच्या पहिल्या यशानंतर थोड्याच काळात, निधन झाले. ते स्वभावाने मितभाषी व अलिप्त होते. कला आणि बागकाम यांची त्यांना आवड होती. त्यांची एक कन्या इटालियन रसायनशास्त्रज्ञ एमिलियो पोमिलियो यांच्याशी विवाहबद्ध झाली. १९३० साली ते सेवानिवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९४१ रोजी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, तूलूझ येथे त्यांचे निधन झाले.

१९६९ साली तूलूझमधील विज्ञान व वैद्यक या विषयांच्या विद्यापीठाला पॉल साबात्ये यांचे नाव देण्यात आले.